हलकी खेळणी

सोलापुरात बाळीवेशीच्या मागच्या अंगाला एक बोळ आहे. समोरून कुणी आलं तर दोघांपैकी एकाला कुणाच्या तरी उंबऱ्यावर चढावं लागतं, इतका अरुंद. त्या बोळात शिवलीला लग्न होऊन आली आणि आठवडा होतो न होतो तोच तिच्या सासूनं, काशम्मानं, शेजारणींना सांगून टाकलं की सून कामाला बरी आहे, पण डोक्यानं जरा पोरकट आहे. कारण काय, तर भाकरी थापून उरलेल्या पिठाची तिनं चिमणी केली, तव्याच्या कडेला खमंग भाजली, डोळ्यांच्या जागी तीळ चिकटवले आणि शेजारच्या रडणाऱ्या पोरीच्या हातात दिली. पोरगी गप्प झाली, चिमणीची शेपटी खाऊन दुसरी मागायला आली. काशम्माला ते आवडलं नव्हतं असं नाही. पण नव्या सुनेचं कौतुक तोंडावर करायचं नाही, असा तिचा नेम होता आणि तो तिनं कधी मोडला नाही.

शिवलीला मूळची मैंदर्गीची. तिच्या माहेरी घरात कन्नड, बाजारात मराठी आणि भांडताना दोन्ही. लहानपणी तिला खेळायला शिकवलं ते तिच्या आईच्या धाकट्या भावानं, रुद्रप्पानं. हा मामा दिवसभर ओसरीवर बसलेला असायचा, कारण त्याला चालता येत नव्हतं. लहानपणी ताप आला आणि पाय गेले, असं घरचे सांगायचे आणि कुणी जास्त खोदून विचारलं की चहाचं बघायला आत जायचे. मामा ज्वारीचं ताट सोलायचा. साल एका बाजूला, आतला पांढरा भेंड एका बाजूला. सालीच्या काड्या भेंडाच्या तुकड्यांत टोचून तो बैलगाडी करायचा. चाकं, जू, साटा, सगळं जिथल्या तिथं. शिवलीला त्याच्या मांडीला मांडी लावून बसायची आणि बघून बघून शिकायची. पुढं पुढं मामाचे हातही चालेनात. मिसरूड फुटली न फुटली तोच तो गेला. शिवलीला तेव्हा दुसरीत होती, आणि तिला त्याच्या मरणापेक्षा त्याच्या गाड्याच जास्त लक्षात राहिल्या.

तिचा नवरा चन्नवीर शाळेचे गणवेश शिवणाऱ्या एका कारखान्यात कटिंग मास्तर. सोलापुरात असे कारखाने गल्लोगल्ली, त्यातलाच एक. माणूस अबोल, पण बायकोचा नाद त्यानं ओळखला होता. रोज संध्याकाळी पिशवीतून तो कातरण घेऊन यायचा. निळं, खाकी, चौकडीचं, आणि संपलेल्या दोऱ्याची रिकामी रिळं. त्या कातरणाच्या बाहुल्या व्हायच्या, सगळ्या शाळेच्या गणवेशातल्या. रिळांची आगगाडी व्हायची. बोळातली पोरं शाळा सुटली की दप्तर घरात फेकून शिवलीलाच्या दारात. काशम्मा खाटेवरून ओरडायची, "ही काय बालवाडी हाय व्हय गं?" आणि मग तीच पोरांना सरकून बसायला जागा द्यायची.

सिद्धाराम झाला तो लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी. सिद्धरामेश्वराला नवस बोलून झाला, म्हणून देवाचंच नाव. घरात सगळे सिद्धू म्हणायचे. पोर उशिरा चालायला लागलं. काशम्मा म्हणाली, उशिरा चालणारी पोरं पुढं घोड्यासारखी पळतात, आमचा चन्नवीर असाच होता. सिद्धूच्या पोटऱ्या चांगल्या जाडजूड होत्या. म्हातारी त्या दाबून दाबून येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायची, "बघा, पैलवान हाय की न्हाय." शिवलीलाला ते ऐकून बरं वाटायचं. कुठल्या आईला वाटणार नाही?

आता लेकच घरात आला म्हटल्यावर शिवलीलाच्या हाताला चेवच चढला. वरणफळं तर सगळेच करतात, शंकरपाळ्यासारखे तुकडे कापून वरणात सोडायचे, झालं. हिच्या वरणफळांत हत्ती असायचा, मासा असायचा, कधी अख्खं कुटुंब असायचं. सिद्धू वाटीत चमचा फिरवून एकेकाला हुडकायचा आणि कुणाला आधी खायचं यावर मायलेकांची चर्चा व्हायची. शेंगोळ्या करायला बसली की पिठाचा गोळा त्याच्या पुढ्यात. तो वाकड्यातिकड्या वळायचा, आणि त्याच पहिल्या वाढायच्या, अगदी चन्नवीरच्या ताटातसुद्धा. शेंगाचटणीच्या वाटोळ्या ठिपक्यांनी भाकरीवर तोंड काढायचं. हसरं काढलं तर मुकाट खायचं, रुसलेलं काढलं तर आधी त्याला हसवायचं. असले नाना प्रकार. खाऊ घालताना तिला कधी पोराच्या मागं फिरावं लागलं नाही.

सिद्धू पडायचा फार. चालताना मध्येच बसायचा. जमिनीवरून उठायचं तर आधी ओणवा व्हायचा, मग हात गुडघ्यावर, मग मांडीवर, असा आपल्याच पायांवर चढत चढत उभा राहायचा. बाकीची पोरं हसली. पोराचा चेहरा पडलेला शिवलीलाला बघवेना. तिनं तिथल्या तिथं खेळ काढला. म्हणाली, हे माकड हाय आणि त्याचे पाय म्हणजे झाड, माकड झाडावर कसं चढतं बघा. झालं. दुसऱ्या दिवसापासून बोळातली सगळी पोरं माकडं होऊन उठायला लागली. सिद्धू टाचा उचलून चवड्यावर चालायचा, तर तिनं त्याला चिमणीची चाल केली. रबरी चेंडू त्याच्या हातून लांब जाईना, तर कातरणाचा चेंडू केला. तोही जड वाटला, तर कापसाचा. पळापळीच्या खेळात तो मागं राहायला लागला, तर तिनं पळापळी बंद करून बसून खेळायचे खेळ शोधले. हे तिनं जाणूनबुजून काही झाकायला केलं, असं कुणी म्हणू नये. लेक हरलेला तिला चालत नव्हता, एवढंच. आणि तिला ते जमतही होतं, हेच वाईट झालं.

सिद्धूच्या बालवाडीच्या ऋतुजाबाईंनी एकदा आयांची बैठक बोलावली आणि शिवलीलाला पुढं उभं केलं. टाकाऊतून खेळणी कशी करायची, पोरांना खाऊ घालताना कसं रमवायचं, ते दाखवा म्हणाल्या. शिवलीला आधी पदर चावत उभी राहिली. मग हातात ज्वारीचं ताट आलं, भेंड आला आणि ती बोलायला लागली ती थांबेचना. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. निघताना ऋतुजाबाई तिला बाजूला घेऊन म्हणाल्या, "सिद्धूला एकदा डॉक्टरांना दाखवा ना. फार पडतो तो. जिना चढताना कठड्याला लोंबकळतो."

"पडत न्हाय ओ बाई," शिवलीला म्हणाली. "आमचा खेळच हाय तो. माकडाचा."

बाई दुसऱ्या आयांकडं वळल्या. शिवलीलाला मात्र रस्ताभर राग आला. एवढ्या टाळ्या वाजवल्या आणि जाता जाता पोरात खोट काढली, असं तिला वाटलं. घरी येऊन तिनं ते कुणाला सांगितलंही नाही.

मग आली संक्रांत. सोलापुरात संक्रांत म्हणजे गड्ड्याची जत्रा आणि सिद्धरामेश्वराच्या काठ्या. ते उंच नंदीध्वज कमरेच्या पट्ट्यात खोवून, तोल सांभाळत माणसं चालतात, आणि मोठ्यांचं बघून बोळातली पोरंही बांबू घेऊन, कमरेला ओढणी गुंडाळून आपली मिरवणूक काढतात. चन्नवीरनं काठी धरणारे घालतात तशी पांढऱ्या कापडाची इवलीशी बाराबंदी शिवून आणली होती. शिवलीलानं काठी केली ती ज्वारीच्या ताटांची. ताटाला ताट जोडलं, वरून चमकीचा कागद, टोकाला रंगीत फुंदे. बघणाऱ्याला वाटावं, पोरानं भली थोरली काठी पेलली आहे. वजन म्हणाल तर वाऱ्यानं उडेल इतकंच. सिद्धू सगळ्यांच्या पुढं उभा होता आणि काशम्मा दारातून कडाकडा बोटं मोडत होती.

चन्नवीर त्या दिवशी सुट्टीवर, अंगात बाराबंदी, मूडमध्ये. एरवी हा माणूस सकाळी जाणार, रात्री येणार, पोराला बघणार ते बसलेलं नाहीतर झोपलेलं. त्याला उमाळा आला. म्हणाला, "देवाचं नाव लावतो आमचा पोरगा. ताटाची काठी कशाला? खरी धरू दे की." आणि शेजारच्या पोराच्या हातातला बांबू घेऊन त्यानं सिद्धूच्या ओढणीत खोवला. बांबू काही मोठा नव्हता. सिद्धूनं दोन पावलं टाकली आणि गुडघ्यात मोडून तो खाली बसला. पोरं हसली, चन्नवीरही हसला. "ऊठ, ऊठ, असं होतंय," म्हणाला. सिद्धू ओणवा झाला. गुडघ्यावर हात, मांडीवर हात. पोरांनी आपल्या सवयीनं "माकड, माकड" सुरू केलं. चन्नवीरचं हसू थांबलं.

"हे काय करतोय हा?" त्यानं विचारलं.

"खेळ हाय आमचा," शिवलीला म्हणाली.

"मग त्याला म्हण, आता खेळ नको. साधा ऊठ म्हण."

सिद्धूनं साधं उठून बघितलं. तीनदा बघितलं. मग बाराबंदी घाण झाली म्हणून रडायला लागला, आणि चन्नवीरनं त्याला उचलून घरात आणलं. चन्नवीर चिडला नाही. खाटेवर बसून त्यानं बायकोला एवढंच विचारलं, की हे कधीपासून चाललंय. शिवलीलाला सांगता येईना. कारण तिच्या मनात त्याची गणती दुखण्यात नव्हती, खेळांत होती.

डॉक्टरीणबाई चांगल्या होत्या. त्यांनी सिद्धूला चालवलं, बसवलं, उठवलं, पोटऱ्या दाबून बघितल्या, रक्त तपासायला पुण्याला पाठवलं. अहवाल आला तेव्हा त्यांनी चन्नवीर, शिवलीला आणि काशम्मा तिघांनाही समोर बसवून सगळं नीट मराठीत सांगितलं. स्नायू हळूहळू झिजत जाणारा आजार आहे. पोटऱ्या जाड दिसतात ती ताकद नव्हे, सूज म्हणा हवं तर. गोळ्यांनी काही वर्षं पुढं ढकलता येतं, बरं करता येत नाही. मग त्यांनी शिवलीलाला विचारलं, "तुमच्या माहेरी कुणा मुलाला असं झालं होतं का? भाऊ, मामा?"

"मामाला," शिवलीला म्हणाली, "पण त्याला ताप आलेला लहानपणी." एवढं बोलली आणि ओसरी तिच्या डोळ्यापुढं आली. मामाच्या मांडीला मांडी लावून बसायची, तेव्हा तिनं त्याच्या जाड पोटऱ्यांवर कितीदा चिंचोके मांडले होते. मामाकडून तिनं गाडी घेतली होती, आणि आणखी काय घेऊन ती या घरात आली ते तिला आत्ता कळलं.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हा आजार रक्तातून येतो, आईकडून मुलाकडं, यात तुमचा काही दोष नाही. मग काय करायचं ते सांगितलं. रोज पाय ताणायचे, गोळ्या चुकवायच्या नाहीत, पोराला दमवायचं नाही, आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे पडू द्यायचं नाही. जितके दिवस हा पायावर आहे तितके दिवस आपले, असं त्या म्हणाल्या. चन्नवीरनं मान डोलावली. शिवलीलानंही डोलावली, पण तिनं किती ऐकलं देव जाणे.

घरी आल्यावर संध्याकाळी काशम्मा बोलली ती घाव घालायलाच. "रक्ताबिक्ताचं मला काय कळत न्हाय. मऊ मऊ खाऊ घातलंस, हलकं हलकं हातात दिलंस. पोराच्या हाडाला कामच ठेवलं न्हाईस तू. मग पाय मऊ पडत्याल न्हायतर काय."

म्हातारी दुःखानं बोलली, तिचंही चुकलं म्हणू नका. पण शिवलीलानं ते घट्ट धरून ठेवलं. कुणी म्हणेल, डॉक्टरीण खरं सांगते ते सोडून ही सासूचं काय धरून बसली? अहो, धरणारच. आजार रक्तात आहे म्हटलं की हातात काहीच उरत नव्हतं. आपल्या लाडानं झाला म्हटलं, तर तो आपल्याच हातानं घालवताही येणार होता. बुडणाऱ्यानं काय धरायचं याची निवड बुडणाऱ्याकडं नसते. सिद्धूचे पाय शाबूत राहिले पाहिजेत, तो चालता राहिला पाहिजे, यापलीकडं तिला दुसरं काही दिसत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तिनं कापसाचे चेंडू, भेंडाच्या गाड्या, कातरणाच्या बाहुल्या, सगळं पोत्यात भरलं आणि घंटागाडीत टाकून दिलं. सिद्धूनं विचारलं, माझी आगगाडी कुठंय? ती म्हणाली, आता आपण मोठे खेळ खेळायचे, पैलवानाचे. वरणफळं बंद झाली. त्याच्या पुढ्यात कडक भाकरी आली, नुसती चावायची, चटणीचं तोंडबिंड काही नाही. पीठ मळायला दिलं ते मुद्दाम घट्ट. वरवंट्याला फडकं गुंडाळून तिनं त्याचं बाळ केलं आणि म्हणाली, बाळाला जोजव, खाली ठेवू नको, रडतंय ते. आणि खेळ काढायचा तिचा हात तो, जडातही तिनं गंमत आणली. सिद्धूला तर आई खूश झालेली दिसली की आणखी चेव यायचा. हात थरथरायचे, ओठाच्या वर घाम यायचा, आणि तो म्हणायचा, "अव्वा, आणखी एकदा करतो."

आणि काही दिवस खरंच फरक दिसला. तो पडायचा कमी झाला. उठताना एकाच हाताचा आधार घ्यायला लागला. गोळ्यांचा गुण असणार, दुसरं काय. पण शिवलीलाला वाटलं, आपला वरवंटा लागू पडला. त्या दिवसांत ती फार आनंदात होती. चन्नवीरला जेवायला वाढताना सांगायची, बघा, पुढच्या काठीला खरा बांबू धरतो की न्हाय. चन्नवीर म्हणाला होता एकदा, "डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, दमवू नका." ती म्हणाली, "खेळतोय तो. खेळून कुणी दमतं का?" आणि त्यानं पुढचा घास घेतला. ज्याला दिवसभर घरात थांबता येत नाही, त्यानं घरातल्या बाईला काय सांगायचं, असं त्याला वाटलं असेल.

सोलापुरात पाणी रोज येत नाही, हे सोलापूरकराला सांगायला नको. चार-पाच दिवसांनी कधीतरी येतं आणि आलं की अख्खा बोळ रस्त्यावर. बादल्या, घागरी, पिंपं, पाइप, आरडाओरडा. शिवलीलानं त्यातही खेळ काढलेला होता. सिद्धू पाणक्या व्हायचा. आधी तांब्या, मग लहान कळशी. नळापासून दारापर्यंत न्यायची, वाटेत पोरांनी विचारायचं "पाणक्या, पाणी कितीला?" आणि त्यानं ऐटीत म्हणायचं, "विकायचं न्हाय." त्या दिवशी कळशी काठोकाठ भरली होती. बोळातली फरशी पाण्यानं ओली झालेली. शिवलीला नळावर वाकलेली होती. सिद्धू दाराजवळ पोचला, उंबरा चढायला त्यानं पाय उचलला, आणि कळशीसकट बाजूला पडला. कळशीचा आवाज सगळ्या बोळानं ऐकला. सिद्धू ओरडलासुद्धा नाही. तो म्हणाला, "अव्वा, पाणी सांडलं."

मांडीचं हाड मोडलं होतं. प्लास्टर चढलं. डॉक्टरीणबाईंनी कसं पडला ते विचारलं, शिवलीलानं खरं ते सांगितलं. बाई चिडल्या. "दमवू नका, पडू देऊ नका म्हटलं होतं ना मी? या मुलांचे पाय काही आठवडे जमिनीवरून सुटले की परत येत नाहीत." असं म्हणाल्या आणि मग शिवलीलाचा चेहरा बघून त्यांना वाईट वाटलं असावं. पुढं म्हणाल्या, "तसं पुढं-मागं हे होणारच होतं." त्या शब्दांनी तिला काडीचा धीर आला नाही. पुढं-मागं यातलं जे पुढं होतं, ते तिनं पोराकडून हिसकावून घेतलं होतं. तेवढी वर्षं तो चालला असता. वर्षं नसतील, महिने असतील. पण ते त्याचे होते.

प्लास्टर निघालं. सिद्धूला दोन्ही बाजूंनी धरून उभं केलं, तर पाय लोंबतच राहिले. पुन्हा पुन्हा केलं. मग कुणी तो विषय काढेना. ज्या काशम्मानं मऊपणाला नावं ठेवली होती तिनंच आता कपाळाला हात लावून विचारलं, "एवढ्याशा लेकराला कळशी दिली कुणी?" चन्नवीर तर एका शब्दानं बोलला नाही. फक्त त्यानं कातरण आणणं बंद केलं. रिकामी पिशवी खुंटीला लावायचा, पोराजवळ बसायचा, त्याचे पाय चोळायचा. त्यानं चार शिव्या दिल्या असत्या तर शिवलीलाला सोपं गेलं असतं.

त्यानंतर तिनं बराच काळ काहीच केलं नाही. स्वयंपाक करायची, पोराला न्हाऊ-माखू घालायची, पाय ताणायची, सगळं वेळच्या वेळी. पण भाकरी म्हणजे भाकरी, वरण म्हणजे वरण. बोळातली पोरं सुरुवातीला यायची, दारात उभी राहायची. शिवलीला मावशी, आज काय करायचं, असं विचारायची. ती म्हणायची, काही नाही बाळांनो, घरी जा. मग तीही यायची बंद झाली. पोरं काय, मोठीही होत गेली. ज्यांना तिनं माकडं केलं होतं ती सायकलवरून बोळातून घंटी वाजवत जायला लागली, आणि सिद्धू दाराजवळ चाकाच्या खुर्चीत बसून कोण आलं, कोण गेलं ते आईला सांगायचा.

आता त्याचे हातही तसेच व्हायला लागले आहेत. घास तोंडापर्यंत नेता येत नाही. कोपर उशीवर टेकवून दिलं तर बोटं थोडी चालतात. बोलतो मात्र अजून तसाच, चुरूचुरू. शिवलीलाला हे सगळं आधीच ठाऊक आहे. पुढं काय होणार, कशानंतर काय, हे तिनं मैंदर्गीच्या ओसरीवर एकदा बघितलेलं आहे. देवळात ती जाते, पण मागत काही नाही. काय मागायचं हेच तिला कळत नाही.

मागल्या आठवड्यातली गोष्ट. काशम्माला शेंगोळ्या खाव्याशा वाटल्या. म्हातारीला आता दात नाहीत, पण जीभ आहे. शिवलीला सिद्धूच्या खुर्चीजवळच पीठ घेऊन बसली. तो बघत होता. म्हणाला, "अव्वा, मला दे की थोडं."

तिनं लहानसा गोळा त्याच्या समोरच्या फळीवर ठेवला, उशी सरकवून हात टेकवून दिला. सिद्धूनं बोटं रुतवली. थोडं दाबलं, थोडं लोळवलं. मग बोटं तशीच पिठात राहिली.

"तूच कर," तो म्हणाला. "मी सांगतो, तसं कर."

"काय करू सांग."

"गडी कर."

शिवलीलानं गडी केला. किती दिवसांनी तिच्या हातून काही झालं होतं. डोकं, धड, हात, पाय, डोळ्यांना तीळ. फळीवर बसवून तिनं तो त्याच्याकडं तोंड करून ठेवला.

"बसलेला नको," सिद्धू म्हणाला. "उभा कर."

तिनं उभा केला. हात काढला तसे गड्याचे पाय खचले आणि तो गुडघ्यात वाकला. पीठ सैल झालंय, ती म्हणाली, आणि कोरडं पीठ घालून तिनं पुन्हा मळलं. आता पाय जाड केले. गडी जरा वेळ उभा राहिला, मग कमरेत मोडून पुढं आला. तिनं काडेपेटी आणली, पायांत काड्या घातल्या. पाय चिरले. काड्या काढल्या, चिरा पाण्यानं लिंपल्या, मागून गोळ्याचा टेकू दिला, टेकू काढून बघितला. काशम्मा खाटेवरून बघत होती. चुलीवर फोडणीचं पाणी उकळून उकळून आटत होतं, पण म्हातारीनं सुनेला हाक मारली नाही. शिवलीलानं पुन्हा सगळा गोळा मोडला आणि पहिल्यापासून मळून नवा गडी केला. तिचे हात थरथरत होते आणि ओठाच्या वर घाम आला होता.

"अव्वा, राहू दे की," सिद्धू म्हणाला.

"थांब. ह्या वेळी उभा राहतो बघ."

"नको, अव्वा. निजव त्याला." तो आईची समजूत काढल्यासारखा हळू बोलला. "लई दमला असंल तो."

शिवलीलाचे हात थांबले. गडी तिनं फळीवर आडवा केला, आणि त्यानंतर बराच वेळ तिला लेकाच्या तोंडाकडं बघता आलं नाही.